पैसे न भरणाऱ्यांमुळेच लॉबी भरते

गेल्या शनिवारी रात्री एकत्र ऑनलाइन गेम खेळणाऱ्या आमच्या स्क्वॉडच्या, म्हणजे चौघांच्या टीमच्या, ग्रुपवर भांडण पेटलं आणि माझ्या डोक्यातून ते अजून जात नाहीये. आमच्यातला विरारवाला बोलून गेला की जे लोक एक रुपया न टाकता वर्षानुवर्षं खेळतात त्यांनी गेमबद्दल तक्रार करायची नाही, फुकट ते पौष्टिक म्हणून गप खेळायचं. आता आमच्या चौघांत खरंच एक रुपयाही न टाकलेला माणूस एकच आहे, कळव्याचा आमचा मित्र, घरात एकटा कमावता, वडिलांचं डायलिसिस चालू, आणि खेळायला चौघांत सगळ्यात भारी. त्याने मेसेज वाचला, ब्लू टिक आली, पण काहीच बोलला नाही. मला ते फार लागलं. त्यावर रागाच्या भरात मी जे टाइप केलं ते धड नव्हतं, म्हणून आज नीट बसून लिहितोय.

मी मूळचा भांडुपचा, चाळीत वाढलेला. २००४ च्या आसपास स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होता, आठ-दहा कॉम्प्युटर लॅनने जोडलेले, तासाला २० रुपये, आणि सगळ्यांवर काउंटर-स्ट्राइक १.६, हा गोळीबाराचा गेम. शाळा सुटली की आम्ही वडापावचे पैसे वाचवून तिकडे पळायचो आणि ज्याच्याकडे २० रुपये नसायचे तो खुर्चीच्या मागे उभा राहायचा. "अरे डावीकडे बघ, बॉक्सच्या मागे आहे तो" असं ओरडत राहायचा, मग कॅफेवाला येऊन त्याला बाहेर काढायचा कारण एकतर गर्दी आणि वर त्याच्याकडून मिळणार काहीच नाही. मीही उभा राहिलोय असा, एकदा नाही, खूपदा. दुसऱ्याच्या हातात माउस आणि आपण नुसतं बघायचं, ते कसं वाटतं ते मला आजही आठवतं.

त्यामुळे फ्री-टू-प्ले, म्हणजे फुकट खेळता येणाऱ्या, गेम्सना सरसकट शिव्या घालणाऱ्यांच्या रांगेत मी कधीच उभा राहणार नाही. खिसा रिकामा असलेला पोरगा आता खुर्चीमागे उभा नसतो, तो मॅचमध्ये असतो. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, २०१८ ला पब्जी मोबाइल आला आणि दहा हजारांच्या फोनवर शंभर जणांची मॅच चालायला लागली, हे आमच्यासारख्यांसाठी केवढं मोठं होतं ते नंतर जन्मलेल्यांना सांगून कळायचं नाही. तेव्हा मी डोंबिवलीहून रोज सकाळी फास्ट लोकलने निघायचो, डब्यात अर्धे लोक फोन आडवा धरून, कोण पोचिंकीत (गेमच्या नकाशातलं गाव) उतरलाय, कोण आकसत जाणाऱ्या झोनमध्ये पळतोय, आणि तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, तिथे रेंज गेली की अख्ख्या डब्यातून एकदम "अरेऽऽ" असा आवाज यायचा. बोगदा संपेपर्यंत निम्म्यांचा खेळ खल्लास. कळव्याचा मित्र मला त्याच डब्यात भेटला. म्हणजे तो चढायचा ठाण्याला, कारण फास्ट कळव्याला थांबत नाही, पण एकदा त्याने मला हॉटस्पॉट दिला आणि ओळख झाली ती झालीच.

आता मुद्द्यावर येतो. विरारवाल्याचं म्हणणं असं की सर्व्हरचा खर्च पैसे भरणाऱ्यांकडून निघतो, म्हणून ते खरे गिऱ्हाईक. बरोबर आहे, खर्च तिथूनच निघतो, आणि या धंद्यात बहुतेक कमाई मूठभर खेळाडूंकडूनच येते, त्यांना व्हेल म्हणतात. पण तो व्हेल मारणार कोणाला? शंभर जणांची लॉबी, म्हणजे मॅचसाठी जमणारा घोळका, भरायला माणसं लागतात ना, आणि मॅच मिळायला पाच मिनिटं लागली की व्हेलसुद्धा गेम सोडून जातो. गेमवाल्यांना हे पक्कं माहीत आहे, खालच्या रँकमध्ये माणसं कमी पडली की बॉट (कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू) भरतात ते उगाच नाही, नवीन माणसाला दोन-चार किल मिळावेत आणि लॉबी रिकामी वाटू नये म्हणून. आणि समजा तू हजारो रुपये घालून बंदुकीची चकाकणारी स्किन, म्हणजे नुसतं वरचं रूप, घेतलीस, ती बघणार कोण? ज्याच्याकडे ती नाही तोच. तो नसेल तर त्या स्किनला कवडीची किंमत नाही. म्हणजे माझा मित्र त्या गेममध्ये खेळाडूही आहे, प्रतिस्पर्धीही आहे आणि प्रेक्षकही. वर्षानुवर्षं रोज दीड-दोन तास तो हे काम करतोय, त्याला फुकट्या कसं म्हणायचं?

आमच्या चाळीत मंडळाचा कॅरम होता. वर्गणी ज्याला जमेल तशी, कोणी ५० द्यायचं, कोणी ५००, काही घरं अजिबात नाही द्यायची आणि त्यांना कोणी विचारायचंही नाही. जास्त वर्गणी देणाऱ्या काकांचं नाव गणपतीत बोर्डावर मोठ्या अक्षरात यायचं, त्यांचा स्वतःचा भारीतला स्ट्रायकर होता, तो दुसऱ्या कोणाला मिळायचा नाही. ठीक आहे. पण बोर्डावर बसल्यावर त्यांनाही क्वीन कव्हर करावीच लागायची. ५०० दिले म्हणून क्वीन तशीच धरली असं कोणी केलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून त्या बोर्डावर कोणी बसलं नसतं. माझ्या मते फ्री-टू-प्ले गेम चांगला की वाईट हे ओळखायला एवढं एकच बघायचं, क्वीन कव्हर करायचा नियम सगळ्यांना सारखा आहे का.

आणि असे गेम आहेत, धंदा चालत नाही हे कारण मला पटतच नाही. टीम फोर्ट्रेस २ हा २००७ चा विकतचा गेम, जून २०११ मध्ये फुकट केला आणि टोप्या, कपडे नि असल्या वस्तू विकून इतकी वर्षं टिकला. डोटा २ मध्ये पहिल्या दिवसापासून सगळे हिरो, म्हणजे खेळायची पात्रं, सगळ्यांना खुले, एकही हिरो विकत घ्यावा लागत नाही. त्यांच्या बॅटल पासच्या (ठरावीक काळापुरत्या विकतच्या पासच्या) विक्रीतले २५ टक्के इंटरनॅशनल या त्यांच्याच जागतिक स्पर्धेच्या बक्षिसात जायचे आणि २०२१ मध्ये ती रक्कम ४ कोटी डॉलरच्या वर गेली होती. म्हणजे बहुतेक सगळी नटण्यामुरडण्याच्या वस्तूंतून! व्हॅलोरंट २०२० मध्ये आला, साध्या पीसीवर चालतो, मुंबईत सर्व्हर आहे म्हणून आपल्याला पिंग मस्त मिळतो, खेळ अडकत नाही, आणि स्किनने गोळी जास्त लागत नाही. एजंट, म्हणजे त्यातली पात्रं, मात्र बरेचसे खेळून उघडावे लागतात आणि नवीन खेळाडूचा त्यात फार वेळ जातो, ते मला आवडत नाही. स्किनच्या किमती तर, बंडल म्हटलं की काही हजार रुपये, पण नाही घेतलं तरी हेडशॉट हेडशॉटच असतो. वॉरफ्रेमचं मला विशेष कौतुक आहे, त्यातलं पैशाने मिळणारं प्लॅटिनम हे गेममधलं चलन खेळाडू एकमेकांत देऊ-घेऊ शकतात, म्हणजे तू मेहनतीने मिळवलेली वस्तू दुसऱ्याला दे, तो तुला प्लॅटिनम देईल, एक पै न खर्चता दुकानातलं घेता येतं. हां, पण त्यात नवीन फ्रेम (खेळायचं पात्र) बांधायला तीन दिवस थांबायचं किंवा प्लॅटिनम देऊन लगेच घ्यायची, हे आहेच.

हा वाट बघायला लावण्याचा प्रकार मला सगळ्यात जास्त खुपतो. मी एक मोबाइल गेम दोन वर्षं खेळलो, नाव घेत नाही, राज्य वाढवायचं, फौजा पाठवायच्या, अलायन्समध्ये राहायचं असला. आमच्या अलायन्समध्ये सांगलीचे एक शिक्षक होते, नागपूरच्या एक काकू होत्या, रात्री साडेदहाला सगळे हजर. सुरुवातीला सगळं पटापट व्हायचं, मग एकेका बांधकामाला तास लागायला लागले, मग दिवस, मग एका भिंतीला नऊ दिवस. मधेच एक अपडेट आलं आणि नवीन फौज फक्त विकतच्या पॅकमध्ये. समोरच्या अलायन्सने पॅक घेतले आणि आमचं दोन वर्षांचं सगळं त्यांनी एका रविवारी दुपारी साफ केलं, मी तेव्हा भांडुपला आईकडे जेवायला बसलो होतो आणि फोन नुसता वाजत होता. हरल्याचं दुःख नव्हतं, हरतो आपण रोजच. पण आम्ही काहीही केलं असतं तरी हरणारच होतो, डावपेच, जागरणं, कशाचाच उपयोग नव्हता, हे सहन नाही झालं. काकूंनी दुसऱ्या दिवशी गेम काढून टाकला, नंतर आठवडाभरात अलायन्स रिकामं झालं. आणि मग गंमत बघा, ज्यांनी पॅक घेतले होते तेही महिन्याभरात सोडून गेले, कारण लढायला समोर कोणी उरलंच नाही. विरारवाल्या, तू होतास ना त्यात, तुला आठवत असेल.

क्रेटबद्दल, म्हणजे गेममधल्या विकतच्या बंद पेट्यांबद्दल, तर मी जरा कडकच बोलणार. आईला वाटतं मोबाइलवरचं सगळं सारखंच, रमीही तेच आणि आमचा गेमही तेच, आणि मी तिला समजावत असतो की नाही गं आई, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदाच केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद, ई-स्पोर्ट्स वेगळं. पण क्रेट उघडताना जे होतं ते मी तिला काय सांगू? पैसे दिलेस, आत काय आहे माहीत नाही, चक्र फिरतं, हवं ते अगदी जवळून निसटतं, "अजून एकदा". बेल्जियमने २०१८ मध्ये अशा लूट बॉक्सना सरळ जुगार ठरवलं आणि मला ते शंभर टक्के पटतं. ॲपलने २०१७ च्या शेवटी नियम केला की कशाची किती शक्यता आहे ते आधी दाखवायचं, पण बारीक अक्षरात ०.५ टक्के लिहिलेलं बारा वर्षांचा मुलगा वाचतो का? त्याला ०.५ म्हणजे काय ते तरी जाणवतं का?

हे मी हवेत बोलत नाहीये. माझ्या भाच्याने, सातवीत आहे, मे महिन्याच्या सुट्टीत तीन दिवसांत ३,४०० रुपये क्रेटमध्ये घालवले. ताईचं कार्ड फोनमध्ये सेव्ह होतं. गेमचं नाव इथेही घेत नाही. ताई रडली, भावोजींनी फोन फेकला, आणि पोरगा मला बाजूला घेऊन म्हणतो, मामा मला वाटलं आता येईलच, आता येईलच. अरे त्याची चूक आहेच, पण ते "आता येईलच" त्याच्या डोक्यात कोणीतरी बसून घातलंय ना, पगार घेऊन. बीजीएमआय, म्हणजे पब्जी मोबाइलचाच भारतातला अवतार, २०२१ मध्ये आला तेव्हा अठराच्या आतल्यांसाठी नियम ठेवला होता, दिवसाला तीन तास खेळ आणि खर्चाला दिवसाला ७,००० ची मर्यादा. तीन तास मला मान्य, चांगला नियम. पण एका शाळकरी पोराला एका दिवसात सात हजार? आमच्या बिल्डिंगमध्ये घरकाम करणाऱ्या मावशींना महिन्याला दोन घरांचे मिळून तेवढे मिळतात.

आणि विकत घेतलेलं आपलं असतं का, तेही नाही. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली, ३० ऑक्टोबरला सर्व्हर बंद, आणि लोकांनी घेतलेलं सगळं एका रात्रीत गायब. पुढच्या वर्षी बीजीएमआय आल्यावर जुना डेटा आणता आला म्हणून वाचलं. मग जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परत आला. आपण पैसे देतो ते वापरायच्या परवानगीचे, एवढं डोक्यात ठेवूनच द्यावे.

फुकटचा एक तोटा मात्र मला मान्य करावाच लागेल, हॅकर, म्हणजे सॉफ्टवेअर लावून फसवून खेळणारे. अकाउंट फुकट असलं की बॅनची भीती राहत नाही, आज उडवलं तर उद्या दुसरं काढतो. डिसेंबर २०१८ मध्ये काउंटर-स्ट्राइकचाच पुढचा गेम सीएस:गो फुकट झाला तेव्हा जुन्या लोकांची हीच ओरड होती, म्हणून प्राइमवाल्यांचं, म्हणजे मुख्यतः पैसे भरलेल्यांचं, मॅचमेकिंग वेगळं ठेवलं. व्हॅलोरंटने व्हॅनगार्ड हे हॅकर पकडणारं सॉफ्टवेअर आणलं, ते पार विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं, काहींना ते खटकतं आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, आपल्या कॉम्प्युटरच्या एवढ्या आत कोणाला शिरू द्यायचं हा प्रश्न आहेच. मी लावलंय. भिंतीतून गोळी घालणाऱ्याबरोबर खेळण्यापेक्षा मला ते बरं वाटलं.

तर विरारवाल्या, तू पैसे टाकतोस त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, मीही दर सीझनला पास घेतो, आवडत्या गेमला पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं. पण तक्रारीचा हक्क पावती बघून द्यायचा नसतो. परवा शेवटच्या झोनमध्ये तू नॉक होऊन पडला होतास आणि धुरात रांगत येऊन तुला रिव्हाइव्ह कोणी केलं ते आठव, आणि त्याला एक फोन कर. मेसेज नको, फोन.

भाच्याचं आता असं ठरलंय: कार्ड फोनमधून काढलं, पासवर्ड ताईकडे, आणि भाऊबीजेच्या ओवाळणीतून वर्षाला एक वस्तू, क्रेट नाही, समोर दिसते ती. यंदा त्याने महिनाभर विचार करून एक नाचायचा इमोट घेतला, ढोलताशावर नाचल्यासारखा दिसतो म्हणून, आणि मॅच जिंकली काय, हरली काय, तो नाचतोच.