‘बेस्ट मदर’ कोण, यावर इंग्रजीत भांडण

सोमवार, रात्री

आज फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: आपल्या सिनेमातली ‘बेस्ट मदर’ कोण? अट अशी की सगळ्या वर्गाचं मिळून एकच नाव यायला हवं, आणि तिथपर्यंत इंग्रजीतूनच पोचायचं.

आमची संध्याकाळची बॅच म्हणजे दिवसभर कामं उरकून आलेली माणसं. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर असलेले काका, हुपरीहून येणारा चांदीकामाचा मुलगा, नर्सिंग करणाऱ्या दोघी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, खानावळ चालवणाऱ्या मावशी. मावशींना कॅनडातल्या नातवंडांशी बोलायचंय, सुनेला मध्ये न घेता. यातल्या बहुतेकांना इंग्रजी वाचलेलं कळतं. फॉर्म भरता येतात, गाळलेल्या जागा तर भराभर भरून होतात. बोला म्हटलं की मात्र सगळ्यांच्या माना वहीत.

‘माय सेल्फ’, ‘माय हॉबी’, ‘माय सिटी’ असले विषय देऊन मी कंटाळले होते. कोल्हापूर पंचगंगेकाठी आहे हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, मग ते इंग्रजीत कुणाला सांगायचं आणि कशासाठी? ऐकणाऱ्याला त्यात रस नाही, त्यामुळे बोलणाऱ्याचाही जीव त्यात नसतो. पुरस्कारांवरचे माहितीचे प्रश्नही तसेच. ‘यंदा बेस्ट ॲक्टर कोण?’ म्हटलं की एक नाव येतं आणि बोलणं संपतं. ‘कुणाला मिळायला हवं होतं?’ असं विचारलं की सगळ्यांना काहीतरी म्हणायचं असतं.

निवृत्त बाईंनी लगेच ‘श्यामची आई’ म्हटलं. हुपरीचा मुलगा ‘मदर इंडिया’वर अडून बसला. बाई म्हणाल्या, “फर्स्ट गोल्ड मेडल! नाइन्टीन फिफ्टी फोर!” खरंच आहे, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या वर्षी ‘श्यामची आई’लाच मिळालं होतं. मुलाने मोबाइल काढला, खाली बघत शोधाशोध केली आणि उठून म्हणाला, “मदर इंडिया, ऑस्कर नॉमिनेशन. फर्स्ट इंडियन फिल्म.” तेही खरं, 1958 सालचं. त्यावर आजवर ‘येस मॅडम’च्या पुढे न गेलेले फाउंड्रीवाले काका मागच्या बाकावरून बोलले, “नॉमिनेशन इज नॉट अवॉर्ड.”

अख्खं वाक्य. क्रियापद जागेवर, नकार जागेवर. मी काही बोलले नाही, पण मला फार आनंद झाला.

मग बाईंनी तो प्रसंग सांगायला घेतला. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे दगडावर पसरते, तो. “मदर पुट सारी ऑन स्टोन. बॉय पुट फूट. मदर से, यू केअर फूट. केअर माइंड ऑल्सो.” काळ चुकला, प्रत्यय गळले, पण वर्गातल्या प्रत्येकाला दगड दिसला, लुगडं दिसलं. मावशींनी मान डोलावली आणि मुलाकडे वळून विचारलं, “युवर मदर शूट हर ओन सन. हाऊ बेस्ट?” मुलगा क्षणभर अडखळला. मग म्हणाला, “शी इज मदर ऑफ होल व्हिलेज ऑल्सो, मावशी.”

मी मध्ये कुणालाही थांबवलं नाही. चुका वहीत टिपल्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत कुणाचं नाव न घेता फळ्यावर मांडल्या. ‘मदर से’चं ‘मदर सेड’ त्यांनी स्वतःच केलं. मत मांडण्याच्या भरात असलेल्या माणसाला व्याकरणासाठी थांबवू नये, असं माझं ठाम मत आहे. एकदा थांबवलं की तो वाक्याचा विचार करायला लागतो आणि मुद्दा हातून सुटतो.

बुधवार

आज मतदान. शेवटी पाच नामांकनं ठरली: ‘श्यामची आई’, ‘मदर इंडिया’, ‘दीवार’, ‘करण अर्जुन’ आणि ‘इंग्लिश विंग्लिश’. शेवटचं, म्हणजे त्यातल्या शशीचं नाव नर्सिंगच्या मुलींनी सुचवलेलं.

हात वर करून मोजणी न करता ऑस्करची पद्धत घेतली. 2010 च्या सोहळ्यापासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी तिथे पसंतीक्रम देऊन मतदान होतं. प्रत्येकाने सगळ्या नामांकनांना क्रमांक द्यायचे. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील, तर सगळ्यात कमी मतांचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हेच चालू राहतं. हे मराठीत समजावलं. नियम समजले नाहीत तर खेळ रंगत नाही, आणि तिथे इंग्रजीचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही.

या पद्धतीतलं खरं धन दुसऱ्या पसंतीत आहे, हे मला आज वर्गात बसून दिसलं. पहिली पसंती ज्याची त्याची पक्की असते, तिथे वाद घालून उपयोग नाही. दुसरीसाठी मात्र गोड बोलावं लागतं. मुलगा मावशींजवळ जाऊन बसला. “मावशी, यू पुट शशी फर्स्ट. ओके. बट सेकंड नंबर, प्लीज, मदर इंडिया.” “व्हाय? गिव्ह रीझन.” “शी इज मोर स्ट्राँग.” “मोर स्ट्राँग दॅन हू?” “दॅन ऑल!” तुलना करायला शिकवणारा धडा मी आजवर पुस्तकातून घेत आले, राम उंच आणि श्याम त्याहून उंच, असल्या वाक्यांनी. आज ‘स्ट्राँगर दॅन’ आणि ‘नॉट ॲज स्ट्रिक्ट ॲज’ त्यांनीच मागून घेतलं, कारण त्यावाचून मत मिळत नव्हतं. “मॅडम, ग्रामर कधी घेणार?” असं विचारणारे काका आज ‘मोर बेटर’ म्हणणाऱ्याला दुरुस्त करत होते.

मतदानाआधी ‘इंग्लिश विंग्लिश’मधला न्यूयॉर्कच्या कॅफेचा प्रसंग दाखवला. शशी कॉफी घ्यायला जाते, काउंटरवरची मुलगी भराभर प्रश्न विचारते आणि शशी गांगरून जाते. आधी आवाज बंद ठेवून दाखवला. कोण काय म्हणत असेल ते जोड्यांनी बोलून बघा म्हटलं, मग आवाज लावला. पूर्ण सिनेमा मी वर्गात कधीच लावत नाही. अडीच तास सगळे गप्प बसणार असतील तर तो संवादाचा तास कसला? दोन-तीन मिनिटांचा तुकडा पुरतो, आणि सबटायटल लावायची तर इंग्रजीच.

तुकडा संपल्यावर नर्सिंगच्या मुलीने काउंटर सांभाळला आणि मावशी गिऱ्हाईक झाल्या. “टेक युवर टाइम, आंटी. हॉट ऑर कोल्ड?” मावशी म्हणाल्या, “हॉट. लेस शुगर. अँड टॉक स्लोली, आय ॲम पेइंग.” हे पुस्तकात कुठेही नाही. हे वाक्य त्यांना टोरांटोच्या विमानतळावर नक्की उपयोगी पडेल.

बाईंनी मात्र हरकत घेतली. एका उमेदवाराची फिल्म दाखवली, हा पक्षपात आहे. “नॉट फेअर. ईक्वल टाइम!” त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग ‘श्यामची आई’तला तुकडाही शोधून लावला, आणि त्या वेळी वर्गात कुणी कुजबुजसुद्धा केली नाही.

पहिल्या फेरीत ‘श्यामची आई’ पुढे होती, पण निम्म्याच्या आतच. ‘करण अर्जुन’ गेला, मग ‘दीवार’, मग ‘मदर इंडिया’. प्रत्येक वेळी सुटलेल्या चिठ्ठ्यांवर शशीचं नाव वर येत गेलं, आणि शेवटी तीच जिंकली. सगळ्यांची पहिली नसली तरी बऱ्याच जणांची दुसरी होती. बाई उभ्या राहिल्या, चष्मा नीट केला आणि म्हणाल्या, “आय डिसॲग्री. बट आय ॲक्सेप्ट.”

शुक्रवार

आज भाषणं. ऑस्करला विजेत्याला साधारण 45 सेकंद मिळतात, आम्हीही तेवढीच ठेवली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जुन्या भाषणांचा मजकूर ऑनलाइन ठेवला आहे, तो शिकवणाऱ्याला फार कामाचा. मी मुद्दाम अशी माणसं निवडली जी इंग्रजीत वाढलेली नाहीत. 1999 साली इटलीचे रॉबर्तो बेनिन्यी दुसऱ्यांदा स्टेजवर आले तेव्हा म्हणाले की माझं सगळं इंग्रजी मघाच्या भाषणातच संपलं. 2021 मध्ये कोरियाच्या युन यू-जंग यांनी, वयाच्या 73 व्या वर्षी, आपलं नाव वाट्टेल तसं उच्चारणाऱ्या युरोपातल्या लोकांना त्या रात्रीपुरतं माफ करून टाकलं. जगासमोर बोलायला बिनचूक इंग्रजी लागत नाही, हे मी वर्षभर सांगते. आज ते त्यांनी स्वतः वाचलं.

आणि भानू अथय्या. पहिलं ऑस्कर मिळवणारी भारतीय व्यक्ती आपल्या कोल्हापूरची, हे वर्गातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. राजोपाध्यांची मुलगी, वडील अण्णासाहेब चित्रकार. इथून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्या आणि 1983 साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर घेतलं. स्टेजवर बोलल्या किती? जेमतेम दोन-तीन वाक्यं. अकादमीचे आभार, आणि जगाचं लक्ष भारताकडे वळवल्याबद्दल रिचर्ड ॲटनबरोंचे आभार. ते फळ्यावर लिहिल्यावर हुपरीचा मुलगा म्हणाला, “मॅडम, एवढंच? एवढं तर मला पण येतंय की.”

मग प्रत्येकाने स्वतःच्या कामासाठी पुरस्कार घ्यायचा होता. मुलाने चांदीचे पैंजण घडवण्यासाठी घेतला आणि वडिलांचे आभार मानले, हातोडी कशी धरायची ते दाखवल्याबद्दल. काकांनी क्रेन ऑपरेटरचे मानले: “आय थँक क्रेन ऑपरेटर ऑफ नाइट शिफ्ट. मेटल इज व्हेरी हॉट, बट ही इज ऑलवेज कूल.” मावशींनी भांडी घासणाऱ्या बाईचं नाव घेतलं. नर्सिंगची धाकटी उभी राहिली, दोन शब्द बोलली आणि बसली. तिच्यावर जोर केला नाही. पुढच्या वेळी पाकीट फोडून नाव जाहीर करायचं काम तिला देणार आहे. त्यात वाक्य ठरलेलं असतं आणि सगळे कान देऊन ऐकतात.

पुढचा विषय त्यांनीच ठरवलाय: ‘बेस्ट व्हिलन’, निळू फुले की अमरीश पुरी. काका व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्तापासूनच इंग्रजीत निळूभाऊंच्या प्रचाराला लागलेत आणि बाई त्यांचे स्पेलिंग तपासतायत. मला उद्या दुपारपर्यंत चार-पाच मिनिटांत बसतील असे तुकडे शोधायचे आहेत, दोघांना सारखाच वेळ देऊन.