बर्फाला टेकलेली ट्यूब

ऑगस्टमध्ये सुरगाण्याहून आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत फॅल्सिपेरम या घातक प्रकारच्या मलेरियाच्या रुग्णाच्या रक्ताचा एक नमुना आला. त्यात पुटिका इतक्या निघाल्या की आधी यंत्रावरच शंका आली. पुटिका म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले पडद्याचे बारीक फुगे, बहुतेक एका मायक्रॉनहून लहान. बाधित लाल पेशी त्या जास्त सोडतात, आणि त्यांच्यामार्फत परजीवी एकमेकांना निरोप देतात, हे २०१३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. असा निरोप पोचला की जास्त परजीवी डासात जाणाऱ्या लैंगिक अवस्थेकडे वळतात.

काचपट्टीवर एकेका लाल पेशीत कोवळ्या परजीवीच्या दोन-दोन रिंगा होत्या, मधूनच केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे तीच लैंगिक अवस्था. आकडा खरा मानायचा मोह होणारच.

फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे कण एकेक करून लेझरसमोरून नेत मोजणाऱ्या यंत्रावर, नमुना निम्मा-निम्मा पातळ करत गेलो. आकडाही निम्मा होत गेला, म्हणजे चार पुटिका एकदम लेझरसमोर येऊन एक म्हणून मोजल्या जात नव्हत्या. पडदा विरघळवणारं ट्रायटन ०.१ टक्का घातल्यावर सिग्नल विरला, म्हणजे ते पडद्याचेच फुगे होते. यंत्राचा दोष नव्हता. मग फुगे कोणत्या पेशींचे ते सांगणाऱ्या, पडद्यावरच्या प्रथिनांच्या खुणा पाहिल्या. लाल पेशींची सीडी२३५ए होती, पण खरा ढीग होता सीडी४१चा, प्लेटलेटच्या खुणेचा.

नमुन्याचा डबा परत उघडला तेव्हा कारण दिसलं. रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची ट्यूब थेट बर्फाच्या पिशवीला टेकवून आडवी ठेवलेली. वर खड्ड्यांचा रस्ता आणि साडेतीन तासांचा उशीर. गारठ्याने आणि हिसक्यांनी प्लेटलेट चेकाळतात आणि ट्यूबमध्येच पुटिका सोडू लागतात. रक्त थंड ठेवलं की चांगलं टिकतं, ही समजूत इथे घात करते.

खात्रीसाठी एका निरोगी माणसाचं रक्त घेतलं. २१ नंबरची सुई, दंडाचा पट्टा सैल करून, पहिली ट्यूब बाजूला काढून. एक ट्यूब खोलीच्या तापमानाला उभी ठेवली, दुसरी बर्फाला टेकवून हलवत ठेवली. नंतर दोन्ही सेंट्रिफ्यूजमध्ये २,५०० जीवर (गुरुत्वाच्या २,५०० पट जोराने) १५ मिनिटं फिरवल्या, ब्रेक न लावता. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटच्या थरावरचा अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा तसाच सोडला, वरचा नव्या नळीत घेऊन पुन्हा तेवढाच फिरवला आणि तळाचे १०० मायक्रोलिटर टाकून दिले. हा दुसरा फेरा वेळ वाचवण्यासाठी सगळ्यात आधी गाळला जातो. मग प्लाझ्मात उरलेल्या प्लेटलेट उणे ८० अंशांवर गोठतात, वितळताना फुटतात आणि पुन्हा तोच खोटा ढीग उभा राहतो. बर्फाच्या ट्यूबमध्ये सीडी४१ चढलेला होता, उभ्या ट्यूबमध्ये नाही.

सुरगाण्याच्या नमुन्यातला सीडी२३५एचा आकडाही वहीत घेतला नाही. प्लाझ्मा गुलाबी होता, लाल पेशी वाटेतच फुटल्या होत्या. रुग्णाला आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध वेळेवर सुरू झालं होतं, तेच व्हायला हवं होतं. उपचाराआधीचं ते रक्त मात्र आता मिळणार नव्हतं.