४२ दिवसांची वाट, दीड तासाचा चित्रपट

रविवार, रात्री

‘फॉलो द रिव्हर’ आज पुन्हा पाहिला. जेम्स अलेक्झांडर थॉम यांच्या १९८१च्या कादंबरीवरून एबीसी वाहिनीसाठी केलेला १९९५चा टीव्ही-चित्रपट. शेरिल ली आणि एलन बर्स्टिन दोघींचं काम चोख आहे, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण नाव नदीचं आणि नदी मात्र नुसती मागच्या पडद्यासारखी, हे काही पटत नाही.

मूळ हकिगत जुलै १७५५ची. व्हर्जिनियाच्या सरहद्दीवर, आजच्या ब्लॅक्सबर्गजवळ, ड्रेपर्स मेडो ही वस्ती होती. शॉनी या मूलनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी तिथे छापा घातला आणि मेरी इंगल्स, तिचे मुलगे थॉमस व जॉर्ज आणि भावजय बेटी यांना धरून नेलं. सायोटो नदी जिथे ओहायो नदीला मिळते तिथल्या शॉनी गावात मुलं आईपासून तोडली गेली. फ्रेंच व्यापाऱ्यांच्या कापडाचे सदरे शिवून देणारी मेरी पुढे बिग बोन लिकला गेली, खाऱ्या झऱ्याचं पाणी कढवून मीठ पाडायला. तिथून ऑक्टोबरात ती एका म्हाताऱ्या जर्मन बाईला घेऊन पळाली.

आता खरी गोम. पक्षी उडाला तर बिग बोन ते ब्लॅक्सबर्ग सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. या दोघी चालल्या ८०० ते ९५०. कारण पोहता दोघींनाही येत नव्हतं. ओहायोच्या दक्षिण काठाने निघालं की लिकिंग, बिग सँडी, गायनडॉट अशा उपनद्या आडव्या येतात, आणि मुखापाशी त्या खोल. मग उपनदीच्या काठाने वर जायचं, पायी ओलांडता येईल असा उतार सापडेपर्यंत. पलीकडे गेलं की तेवढंच खाली येऊन पुन्हा ओहायो धरायची. दिवसच्या दिवस चालून मुक्कामाच्या दिशेने प्रगती जवळजवळ शून्य! वाटेत एक घोडा आणि थोडा मका हाती लागला होता. बिग सँडीवर वाहून आलेल्या ओंडक्यांच्या थरावरून पार होताना घोड्याचे पाय ओंडक्यांत अडकले, तो तिथेच सोडावा लागला. पुढे कनॉवा आणि न्यू नदीची घळ. खायला अक्रोड, रानफळं, मुळं. थंडी वाढत गेली तसं तेही संपत आलं. भुकेने वेडावलेली म्हातारी मेरीच्या जिवावर उठली ती याच टप्प्यात.

सगळा चित्रपट चालण्यालाच दिला असता तरी दिवसाला दोनच मिनिटं मिळतात, हे मान्य. पण एक, फक्त एक उपनदी वर-खाली पुरती दाखवली असती तर बाकीच्या उपनद्या प्रेक्षकाने आपणच मोजल्या असत्या. त्याऐवजी वेळ जातो वाइल्डकॅट या शॉनी नायकाच्या मेरीवरच्या ओढीवर. ते बीज कादंबरीतलंच, इंगल्स घराण्याच्या कागदांत त्याचा मागमूस नाही.

बाळाचंही तसंच, जरा वेगळ्या अंगाने. वाटेत मेरी बाळंत झाली आणि पळताना तिने तान्हं मूल मागे ठेवलं, हे तिचा पणतू जॉन हेल १८८६मध्ये लिहितो. मेरीचा मुलगा जॉन याने आधी लिहिलेल्या हकिगतीत बाळाचा उल्लेखच नाही. कादंबरीकाराने हेल निवडला, त्याचा तो हक्क. पाहणाऱ्याने मात्र ते ठाम इतिहास समजू नये.

म्हातारीच्या हकिगतीचा शेवट तर पटकथाकाराला आयता मिळाला होता. मेरी अ‍ॅडम हार्मनच्या मक्याच्या शेतात पोचली, त्यानंतर म्हातारीचा शोध घेतला गेला. तोवर तिला शिकाऱ्यांचा रिकामा तळ सापडला होता, मांस आणि वर घोडासुद्धा!

मला विचाराल तर चित्रपट थॉमसवर काढायला हवा होता. चार वर्षांचा असताना नेलेला, १७६८मध्ये खंडणी भरून सोडवून आणला तेव्हा सतराचा आणि बोलण्या-वागण्यात पक्का शॉनी. १७८२मध्ये बर्क्स गार्डन या खोऱ्यातल्या वस्तीतून त्याचीच बायकोमुलं शॉनींनी पळवली आणि पाठलाग करायची वेळ त्याच्यावर आली. दोन मुलं त्यात गेली, बायको जखमी होऊन वाचली.