आक्काच्या डिझेलमधली हवा सापडली, आणि प्रायमर निर्दोष सुटला

सापडली एकदाची. माझी जुनी ट्रॅव्हलर आक्का चढावर बंद पडते ती डिझेलच्या लाईनीत हवा येते म्हणून, हे आपल्याला माहीतच होतं, ती शिरते कुठून हे कळत नव्हतं. ती जागा म्हणजे फिल्टर नाही, तुमच्यातल्या काहींना शंका होती तो हँड प्रायमर (लाईनीतली हवा काढायचा हातपंप) नाही, आणि मागच्या वेळी ‘हवा कुठून?’ या प्रश्नावर तुम्ही बहुमताने दोषी ठरवलेला फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) तर मुळीच नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: आक्का म्हणजे दुसऱ्या हाताने घेतलेली जुनी ट्रॅव्हलर. आत दोन बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी. पुढे ओएम 616, मर्सिडीजच्या 240 डी मोटारीत होतं त्याच घराण्यातलं 2.4 लिटरचं प्रीचेंबरवालं डिझेल. कॉमन रेल (आजची कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल पद्धत) नाही, कॉम्प्युटर नाही. एक लाईन पंप (दाबाने डिझेल सोडणारा), चार नोझल, चार हीटर प्लग (थंड इंजिन पेटवायला). स्कॅनर लावून कोड वाचायची सोय नसल्यामुळे कान, नाक आणि सायलेन्सरचा धूर यांच्यावरच भागवावं लागतं. मला तरी तेच आवडतं.

आता लक्षणं. कसाऱ्याच्या घाटात आक्का दोन वळणं नीट चढायची, मग दम लागल्यासारखी मागे ओढायची आणि बंद पडायची. प्रायमरने पंप मारून एअर काढली की पुन्हा तयार, आणि इगतपुरीच्या सपाटीला लागल्यावर तर काही झालंच नाही अशा थाटात पळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सेल्फ मारून मारून बॅटरी अर्धमेली व्हायची. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला सेल्फ मारत बसलात तर सेक्रेटरी गॅलरीतून नुसते बघतात, बोलत नाहीत. ते बघणं जास्त लागतं.

यावर आलेले सल्ले ठरलेले होते. हीटर प्लग बदल. नोझल खोलून घे. फिल्टर डुप्लिकेट असेल. एका पंपवाल्याने तर गाडी न बघता, फोनवर ऐकूनच पंप उतरवून कॅलिब्रेशनला टाकायला सांगितलं. घरच्या घरी इंजिन बघणाऱ्यांचं सगळ्यात जास्त पैसे खाणारं व्यसन हेच: ‘बदलून बघू’. पार्ट बदलला, गाडी चार दिवस चालली, की पार्टच खराब होता असं आपण ठरवून टाकतो. पार्ट बदलताना एअर काढली म्हणून ती चार दिवस चालली, हे कोणी लक्षात घेत नाही. त्यातून एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून आधी धूर. सेल्फ फिरत असताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, हे मुलाला मागे उभं करून बघायला लावलं. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग किंवा कॉम्प्रेशन बघायचं. इथे धूरच नव्हता. म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत येतच नाही. हीटर प्लग तिथेच सुटले. तरी खात्री म्हणून वायरी काढून लॅमिंग्टन रोडवरच्या मल्टिमीटरने मोजले. चारही प्लग एक ओहमच्या आत, म्हणजे धडधाकट. प्लगचे पैसे वाचले, आणि मल्टिमीटर ‘उगाच आणलेला’ नाही हे घरात सिद्ध झालं, ते वेगळंच.

मग फीड पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, वीतभर पारदर्शक पाईप घातली. चालू इंजिनवर तिच्यातून बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली. इथे एक सूचना: ही पीव्हीसी पाईप तपासणीपुरतीच. डिझेलमध्ये राहून ती पिवळी पडते, कडक होते आणि मग तिच्याच टोकातून हवा शिरते. बघायचं ते बघा आणि काढून टाका.

बुडबुडे दिसले म्हणजे दोष सक्शनच्या बाजूला, टाकीपासून फीड पंपापर्यंत. ही बाजू फसवी असते, कारण इथे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. चिरलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यायला घेतलं की पाण्याऐवजी हवाच तोंडात येते आणि स्ट्रॉ बाहेरून कोरडी ठणठणीत राहते, तसं. त्यामुळे चासीखाली टॉर्च घेऊन गळतीचा डाग शोधणाऱ्या मेकॅनिकला काही दिसत नाही, आणि तो शेवटी पंपाकडे बोट दाखवतो.

प्रायमरबद्दल तुमची शंका अगदीच हवेतली नव्हती, हे कबूल. आपल्याकडे एप्रिल 2020 पासून सगळीकडे बीएस 6 डिझेल आलं, सल्फर 50 पीपीएमवरून 10 वर उतरलं. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली ॲरोमॅटिक द्रव्यंही कमी होतात आणि त्यांच्यामुळे फुगून बसलेल्या जुन्या नायट्राईल रबराच्या ओ-रिंगा (सांधे बंद ठेवणाऱ्या कड्या) आक्रसतात. वीस वर्षं न गळलेली गाडी नव्या डिझेलवर अचानक गळायला लागते ती अशी. आक्काच्या प्रायमरची मूठही जराशी ओलसर होतीच. पण ओलसर दिसलं म्हणून दोषी धरायचं नाही, तपासायचं.

तपासणी सोपी आहे. पाच लिटरचा पत्र्याचा डबा इंजिनच्या शेजारी खाली जमिनीवर ठेवला, फीड पंपाची पाईप टाकीकडून सोडवून थेट डब्यात घातली. रिटर्नची पाईपही डब्यातच सोडायची, हे विसरायचं नाही. नाहीतर डब्यातलं डिझेल टाकीत जाऊन बसतं, डबा रिकामा होतो आणि पुन्हा हवा येते. आणि डबा पत्र्याचाच घ्या, कारण रिटर्नचं डिझेल गरम असतं. आक्का अशी अर्धा तास चालवली, रेस केली, बंद केली, रात्रभर ठेवली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू. फीड पंप, प्रायमर, फिल्टर, लाईन पंप, सगळे या चाचणीत सामील होते आणि सगळे सुटले. बघा, एका डब्यात केवढं मोठं ओव्हरहॉल वाचलं.

राहिली टाकी ते फीड पंप ही लाईन. इथे मला एक गोष्ट सुचली, ती आधीच्या नोंदी चाळताना. टाकी फुल्ल असली की आक्का कधीच बंद पडलेली नाही. प्रत्येक वेळी काटा अर्ध्याच्या खालीच. असं का? तर टाकीतल्या डिझेलची पातळी छिद्राच्या वर असेल तोवर छिद्रापाशी आतून बाहेर दाब असतो, हवा शिरत नाही. पातळी छिद्राच्या खाली गेली की तिथे ओढ तयार होते. चढावर इंजिन वर आणि टाकी खाली. छिद्र टाकीच्या दोन मीटर पुढे धरा आणि चढ दहात एक, म्हणजे टाकीतली पातळी त्याच्या मानाने वीसेक सेंटिमीटर खाली गेली. तेवढं पुरतं. आणि रात्रभर त्याच छिद्रातून हवा शिरली की लाईनीतलं डिझेल परत टाकीत उतरतं, म्हणून सकाळचं सेल्फपुराण. म्हणजे छिद्र अंदाजे अर्ध्या टाकीच्या उंचीवर! कागदावर हे जमलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

छिद्र पकडायला लाईनीत हवेचा थोडासा दाब द्यायचा. थोडासाच. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावायचा मोह अजिबात नको. जुने रबरी सांधे त्याने सुटतील, आणि टाकीत दाब गेला तर पत्रा फुगेल. मला हवा होता हाताने चालणारा, काट्यावर दाब दाखवणारा पंप. तो घरातच निघाला, आईचं जुनं काट्याचं बीपी मशीन. त्याच्या 200 मिलिमीटरचे साधारण 3.9 पीएसआय होतात, या कामाला अगदी बेताचे. आईने एवढंच बजावलं, “त्या फुग्याला डिझेलचा वास लागला तर तो परत घरात आणायचा नाही.” तो आता आक्काच्या हत्यारपेटीत कायमचा मुक्कामाला आहे.

दोन्ही चाकांना ठोकळे लावून खाली शिरलो. आधी चासीच्या कडेने जाणारी लोखंडी लाईन. मला हिचाच संशय होता. खाडीच्या खाऱ्या हवेने क्लॅम्पच्या खालून पाईप खायची आणि वरून रंग शाबूत ठेवायचा, हे आम्हा मुंबईकरांच्या गाड्यांचं जुनं दुखणं. दोन्ही टोकं बंद केली, 200 वर नेलं, चहा पिऊन आलो. काटा तसाच. ही पाईप बदलायची तर पाण्याची टाकी आणि अर्धा प्लायवूड उचकटावा लागला असता, त्यामुळे हा चहा फार गोड लागला.

मग टाकीकडचा रबरी तुकडा. काटा लगेच घसरायला लागला. साबणाचं पाणी फासलं. या तुकड्यात एक टी-जॉइंट आहे. आधीच्या मालकाने थंड प्रदेशात फिरण्यासाठी डिझेल हीटर बसवून घेतला होता, त्याला डिझेल देण्यासाठी कुठल्याशा वर्कशॉपने इंजिनचीच सक्शन लाईन कापून तो टी घातलेला. टीचे तीन सांधे कोरडे. बुडबुडे आले ते आणखी पुढे, हीटरला डिझेल ढकलणाऱ्या छोट्या पल्स पंपाच्या तोंडाशी. किटमधली मऊ हिरवट पाईप, तिच्यावर स्क्रूवाली मोठी क्लिप. एवढ्या बारीक पाईपवर ही क्लिप गोल बसतच नाही, एका बाजूला पाईपला चुणी पडते आणि त्या चुणीतून हवेला हमरस्ता. जागेवर धुळीचा चिकट थरही होता. टाकी फुल्ल असताना तिथून डिझेल पाझरायचं आणि त्यावर रस्ता चिकटायचा. उंची मोजली. जवळजवळ टाकीच्या मध्यावर. टेप तसाच धरून मुलाला हाक मारली आणि आकडा दाखवला. तो “बरं” म्हणाला.

मुंबईत डिझेल हीटर! वर्षाचे बारा महिने घाम पुसणाऱ्या शहरात उभी असलेली गाडी, आणि तिला छळत होता गरम हवेचा यंत्रोबा. टी काढून टाकला, तिथे अखंड होज घातली. होज आणि क्लिपा नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या. तिथे नुसतं ‘डिझेल पाईप’ मागितलंत तर दुकानदार हाताला लागेल ती देतो. पाईपवर एसएई 30 आर 7 किंवा आर 9 असं छापलेलं बघूनच घ्या. क्लिप नट-बोल्टची, पट्टीच्या कडा वळवलेली, पाईपच्या मापाची. कुर्ल्याला एका दुकानात मला ‘ओरिजिनल’ म्हणून दिलेली होज वाकवल्याबरोबर बारीक भेगा दाखवत होती. तिथे पुन्हा जाणार नाही.

बॅन्जो बोल्टचे (ज्यांच्या आतून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वायसर नवे आणले नाहीत. जुने गॅसवर लाल होईतो तापवले, पाण्यात टाकले, की तांबं पुन्हा मऊ पडतं आणि नीट बसतं. अशा ठिकाणी टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती आहे. तिचे धागे सुटून पुढे जातात, आणि लाईन पंपाच्या आतल्या मापांत धाग्याला जागा नसते. एम-सीलबद्दल तर बोलायलाच नको. पाने अर्थात तापारियाचे. बोल्टाची कड एकदा गोल झाली की स्वस्त पान्यात वाचलेले पैसे चौपट होऊन परत जातात.

टाकीचा काटा पावच्या खाली आणून मुद्दाम पुन्हा कसारा चढलो. पारदर्शक पाईप तेवढ्यापुरती परत घातली होती, इगतपुरीला थांबून बघितली. एकही बुडबुडा नाही. रात्र तिथेच काढली, सकाळी लगेच चालू.

टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा बेत मी मागे जाहीर केला होता, तो रद्द. त्याने लाईन दाबाखाली आली असती आणि हवा शिरणं थांबलं असतं, हे खरं. पण त्याच छिद्रातून मग डिझेल बाहेर उडालं असतं. दोष झाकायला एवढी आगीची जोखीम कशाला?

हीटरचं काय, हा प्रश्न उरतो. हिवाळ्यात स्पितीचा विचार आहे, तेव्हा तो हवाच. त्याला वेगळी पाच लिटरची टाकी द्यायची असं ठरवून हे लिहायला बसलो होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, झोपायच्या जागेत डिझेलची आणखी एक टाकी कशाला? त्यापेक्षा मुख्य टाकीच्या झाकणातून हीटरसाठी स्वतंत्र नळी उतरवावी, आणि ती तळापासून चांगली चार बोटं वर तोडावी. म्हणजे हीटर रात्रभर चालला तरी पंपावर पोचण्यापुरतं डिझेल इंजिनला उरेल, आणि दोघांच्या लाईनी एकमेकींना भेटणारच नाहीत. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तो नसेल तर हीटर चालू करायचा नाही.

यासाठी टाकी उतरवावी लागेल. उतरवतोच आहे तर तळाचा गाळ आणि पावसाळ्यात साठलेलं पाणीही निघेल. टॅपेटचं काम (व्हॉल्व्हची फट जुळवणं) त्यामुळे पुढे ढकललं. गेजच्या फ्लोटखालचं रबरी गॅस्केट आतापासून कडक झालेलं दिसतंय, काढताना तुटणार हे नक्की. कोणी ते जाड नायट्राईल शीटमधून कापून बसवलंय का? व्हिटनची (इंधनात जास्त टिकणाऱ्या रबराची) शीट नागदेवीला मिळते, पण भाव ऐकून मी दुकानातून परत आलो. डिझेल संपवायला या रविवारी माळशेजला जाऊन येतोय.