आल्प्सची सुट्टी ठरवली ती स्की न करणाऱ्यांपासून

जानेवारीत आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे म्युनिकला येणार होते आणि त्यांना आल्प्समध्ये न्यायचंच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. नवरा बऱ्यापैकी स्की करतो, पाच वर्षांच्या लेकीला शिकायचं होतं. आईनं मात्र फोनवरच सांगून टाकलं, "मला बर्फ डोळे भरून बघायचाय गं, त्यावरून घसरायचं नाही."

मग मी गावही त्याच हिशेबानं निवडलं. स्कीचे उतार किती किलोमीटरचे, हे सगळीकडे ठळक छापलेलं असतं. पायी फिरणाऱ्यांसाठी वर काय आहे, ते मात्र शोधावं लागतं. ऑस्ट्रियाच्या झिलरटाल खोऱ्यातलं मायरहोफेन मला पटलं. गाव जेमतेम ६३० मीटरवर, त्यामुळे मुक्कामाला विरळ हवेची काळजी नाही. एका बाजूला पेनकेन डोंगर, तिथे ७८ टक्के तीव्रतेचा 'हाराकिरी' उतार, तो नवऱ्याचा. दुसऱ्या बाजूला आहोर्न. तिथली रोपवेची केबिन एका वेळी १६० माणसांना घेऊन सुमारे दोन हजार मीटरवर जाते. वर मोठं पठार, चालायला आखलेली वाट आणि नवशिक्यांचे सौम्य उतार. म्हणजे नात शिकत असताना आजी-आजोबा तिथेच जवळपास. स्की न करणाऱ्यांना नुसतं जाण्यायेण्याचं तिकीट मिळतं, महागडा स्कीपास, म्हणजे स्की करणाऱ्यांचा लिफ्टचा पास, लागत नाही.

लेक अजून बालवाडीत, म्हणून ६ जानेवारीनंतरचा आठवडा घेता आला. नाताळची गर्दी ओसरते आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्यांना अवकाश असतो, त्यामुळे दर बरेच उतरतात.

सर्वांत जास्त वेळ दिला तो विम्याला, आणि तो द्यावाच. आई-बाबांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण साध्या पॉलिसीत स्कीसारखे हिवाळी खेळ बरेचदा वगळलेले असतात. आम्हा तिघांकडे युरोपीय आरोग्य कार्ड होतं. त्यातून दवाखान्याचा खर्च निघतो, डोंगरावरून हेलिकॉप्टरनं खाली आणण्याचा नाही. ते बिल हजारो युरोंत जातं. आम्ही अल्पाइन क्लबचं, म्हणजे गिर्यारोहकांच्या संघटनेचं, सभासदत्व घेतलं, त्यात सुटकेच्या खर्चाचा विमा येतो.

स्की आणि बूट भाड्यानंच घ्यावेत. दुकानातल्या मुलीनं लेकीचं वय, वजन, उंची विचारली, बुटाच्या तळव्याची लांबी पाहिली आणि स्क्रू ड्रायव्हरनं स्कीवरची बूट धरून ठेवणारी पकड बेतली. पडल्यावर बूट वेळेत सुटला नाही तर गुडघा पिरगळतो, म्हणून वजन अंदाजानं सांगू नये. मोजा एकच आणि पातळ. दोन जाड मोजे घातले की बूट सैल वाटत नाही, पण पाय आत हलतो. आई-बाबांसाठी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घेतले. गावातल्या गोठलेल्या फुटपाथवर त्यांचा फार आधार झाला.

प्रवास ट्रेनचा: म्युनिकहून येनबाख, तिथून १९०२ पासून धावणारी नॅरोगेज झिलरटालबान. अपार्टमेंटं बहुधा शनिवार ते शनिवारच मिळतात, आणि ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला सुपरमार्केट बंद होतं, रविवारी बहुतेक उघडत नाही. म्हणून मूगडाळ, तांदूळ, बेसन आणि छोटा कुकर बरोबरच नेला. पहिल्या रात्री गरमागरम पिठलं-भात झाला.