ॲटमायझर साफ ठेवला, म्हणून सिगारेट सुटलेली राहिली

१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आली आणि इथे लेस्टरमधले माझ्या ओळखीचे बरेच जण पुन्हा भरता येणाऱ्या व्हेपकडे वळले. महिना होतो न होतो तोच एकेकाची तक्रार सुरू झाली: "जळका वास येतो, घसा धरतो." मी त्याच्या आधीपासून असं यंत्र वापरतोय. सिगारेट मला व्हेपने सोडवली, पण जळक्या वाफेचे दोन झुरके घेतले की हात पुन्हा पाकिटाकडे जातो, हे मी आसपास पाहिलंय. म्हणून ॲटमायझरची, म्हणजे लिक्विड तापवून त्याची वाफ करणाऱ्या भागाची, सफाई मला क्षुल्लक वाटत नाही.

कॉइलवर, म्हणजे लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर, जमणारा काळा थर नेमका कशाचा, हे आधी कळलं पाहिजे. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीची द्रव्यं असतात. आंबा, स्ट्रॉबेरी अशा गोड चवींत बहुधा सुक्रालोजही असतं. ते बाकीच्यांबरोबर नीट उडून जात नाही. तारेवर राहतं, करपतं आणि जिलेबीच्या कढईच्या कडेला पाक धरावा तसा थर धरतं. मी गोड चवी सोडल्या आणि माझ्या कॉइलचं आयुष्य सरळ वाढलं. सगळ्या साफसफाईपेक्षा जास्त फरक या एका बदलाने पडला, असं माझं ठाम मत आहे.

सफाईला बसताना मी खिडकी उघडतो, यंत्रातून बॅटरी काढतो आणि हातमोजे घालतो. इथे कायद्याने लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही, पण तेवढंही कातडीतून शरीरात जातं. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच्या हाताला लागेल अशा जागी करूच नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर नाहीच. माझा यासाठी वेगळा ट्रे आहे.

लिक्विडचा टँक, काच, ड्रिप टिप (तोंडात धरायचं टोक) आणि धातूचे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवतो. जुन्या टूथब्रशने आटे घासतो. रबरी ओ-रिंग काढून वेगळ्या धुतो, भेग दिसली तर बदलतो. टँक गळायला लागण्याचं ते हमखास कारण असतं. टँक प्लॅस्टिकचा असेल तर स्पिरिट वापरत नाही. दालचिनी आणि लिंबूवर्गातल्या चवींनीसुद्धा काही प्लॅस्टिकला तडे जातात. काचेला ती भीती नाही.

यानंतर लोक घाई करतात ती वाळवण्यात. कॉइल बसते त्या भागाच्या तळाशी, तार आवळायच्या खांबाभोवतीच्या इन्सुलेटरखाली (वीज अडवणाऱ्या तुकड्याखाली) पाणी अडकून राहतं. मी सगळं रात्रभर फडक्यावर उघडं ठेवतो. बॅटरीला जोडायच्या पिनेवर तेवढं आयसोप्रोपिल अल्कोहोल कानकाडीने फिरवतो.

आता कॉइल. लिक्विड शोषून तारेला पोचवणाऱ्या कापसासकट तयार मिळणारी कॉइल धुऊन पुन्हा वापरायच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. मी त्या करत नाही. करपलेला कापूस धुऊन नवा होत नाही, ती कॉइल बदलायची. ज्यात तार आणि कापूस आपणच बसवतो, त्या हाताने बांधायच्या ॲटमायझरची गोष्ट वेगळी. तिथे जुना कापूस पूर्ण काढतो, बॅटरी लावून अगदी कमी वॉटवर, क्षणभर बटण दाबून सोडतो. तार मधून बाहेरच्या बाजूला सारखी मंद लालसर होत गेली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटला तर सिरॅमिक चिमट्याने वेढे हलकेच जवळ दाबतो. पूर्ण गार झाल्यावर पाण्याखाली ब्रशने घासतो. हे कॅन्थलच्या, म्हणजे लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमच्या तारेचं सांगतोय. टायटॅनियम किंवा निकेलची तार अशी कधीही तापवू नये. जाळीची कॉइलही मी तापवत नाही, पातळ असते.

नवा कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडखळत सरकला पाहिजे. फार घट्ट असेल तर लिक्विड पोचत नाही आणि कापूस जळतो. सैल असेल तर टँक गळतो. कापूस थेंबाथेंबाने भिजवतो, टँक भरतो आणि दहा मिनिटं थांबतो. मग यंत्राच्या पडद्यावरचे ओहम, म्हणजे कॉइलचा विजेला होणारा विरोध, पाहतो. आधी ०.८ दाखवणारी कॉइल एकदम १.२ दाखवू लागली तर बहुधा स्क्रू सैल असतो, तो आवळल्याशिवाय झुरका घ्यायचा नाही.

इथली सरकारी आरोग्यसेवा म्हणते की व्हेप सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, पण निर्धोक नाही, आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने व्हेपला हात लावू नये. मलाही हेच म्हणायचंय. मी दर वेळी निकोटिन थोडं कमी असलेलं लिक्विड घेत खाली उतरतोय.

पुण्याला जायच्या आधी मात्र सगळं धुऊन, कोरडं करून इथेच ठेवून जातो. "दादा, ते घेऊन येऊ नकोस हां," असं धाकटा भाऊ फोनवर आठवण करून देतोच. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट आणण्यावर आणि विकण्यावर बंदी आहे. तिथे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निकोटिनच्या गोळ्या चघळून माझं भागतं. टँकमध्ये लिक्विड तसंच सोडून गेलं तर ते गडद होतं आणि कापसात मुरून बसतं, म्हणून टँक रिकामा, कापूस काढलेला आणि बॅटरी अर्धी चार्ज करून बाजूला ठेवलेली असते.