फुल्ल थ्रॉटलला दम खाते

माझं वर्कशॉप स्नोमोबाइलचं, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या फटफट्यांचं. जानेवारीत तिथला फोन वाजला की निम्म्या वेळा तक्रार ठरलेली असते. "अर्ध्या थ्रॉटलपर्यंत झकास पळते, पूर्ण दाबला की दम खाते." मी विचारतो, तेव्हा आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा कुठे होता? समोरचा म्हणतो, "काटा कोण बघतो, समोर झाडं असतात!" त्याचंही खरंच आहे. पण या एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय आता मी पाना हातात घेत नाही. हे शिकायला मला दोन हिवाळे आणि एक जळालेला पिस्टन लागला.

आम्ही राहतो मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर, होटन गावाबाहेर. इथे बर्फ इंचात मोजतात आणि त्याचा अभिमान बाळगतात. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच, म्हणजे जवळजवळ १० मीटर बर्फ पडला होता. त्या आकड्याचा उंचच्या उंच फलक हायवेच्या कडेला उभा आहे. होटन आणि हँकॉकला जोडणाऱ्या उचलत्या पुलाचा खालचा मजला हिवाळ्यात स्नोमोबाइलसाठी असतो. वरून मोटारी, खालून या बर्फातल्या फटफट्या.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामाचं गॅरेज होतं. राजदूत, लुना आणि मुख्य म्हणजे यामाहाची आरएक्स १००, सगळ्या ऑइल जाळून धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक. गाडी दारातून आत यायच्या आधीच नुसत्या आवाजावरून मामा सांगायचा, मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक, बारीक पडलाय की सायलेन्सर चोंदलाय. सुट्टीत माझं काम कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुऊन जेट फुंकायचं. पुढे पुण्यात इंजिनिअरिंग, मग इथल्या मिशिगन टेक विद्यापीठात एमएस. इथे २००३ पासून कॉलेजांची 'क्लीन स्नोमोबाइल चॅलेंज' स्पर्धा भरायची. पहिल्याच मार्चमध्ये तिथे मदतनीस म्हणून उभा होतो आणि नाकात टू-स्ट्रोकचा निळा धूर गेला. घरची आठवण पोळीभाजीने येते असं लोक म्हणतात. मला धुराने आली.

नोकरी डेट्रॉइटकडे केली, २००९ मध्ये ती गेली, दुसरी धरली. ग्रीन कार्ड हातात आल्यावर २०१४ मध्ये परत इथे आलो आणि एका जुन्या गोठ्यात गाड्या दुरुस्त करायच्या दोन जागा काढून वर्कशॉप सुरू केलं. बायको हिशेब बघायची, मी बाकी सगळं.

पहिल्या हिवाळ्यात मी समोर येईल त्या गाडीचा कार्बोरेटर उघडला. उद्यमनगरचा हात! पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल मेन जेटमधून जातं, तेव्हा दोष मेन जेटचा, असं सरळ गणित. तीन गाड्या धुतलेल्या कार्बोरेटरसकट तशाच परत आल्या. एकीचा बेल्ट झिजून बारीक झाला होता, दुसरीच्या क्लचच्या तबकड्या काचेसारख्या गुळगुळीत. तिसरीच्या एअरबॉक्समध्ये उंदरांनी सीटचा फोम कुरतडून घरटं केलं होतं. उन्हाळाभर शेडमध्ये उभ्या गाडीत उंदीर नसेल तरच नवल.

स्नोमोबाइलला गिअर नसतात. रचना ॲक्टिव्हाच्या व्हेरिएटरसारखीच: क्लच म्हणजे पुढे-मागे दोन पुल्या आणि त्यांना जोडणारा बेल्ट. फक्त बेल्ट दोन बोटं रुंद आणि त्यावर शंभराच्या वर घोडे. पुढच्या क्लचमध्ये वजनं असतात. ती अशी बेतलेली असतात की अंगठ्याने थ्रॉटल पूर्ण दाबला की इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमवर, समजा ८,००० वर, जाऊन थांबावं आणि वेग वाढत राहिला तरी काटा तिथेच राहावा. काटा ८,५०० कडे पळाला तर बेल्ट घसरतोय किंवा वजनं हलकी आहेत. ७,५०० लाच अडकला तर एक तर क्लच इंजिनवर जास्त भार टाकतोय, नाहीतर इंजिनच ताकद देत नाही. पहिला प्रकार सोपा. दुसऱ्यात मी फसलो.

२०१६ चा फेब्रुवारी. लाकूडतोडीतून निवृत्त झालेले एक फिनिश वळणाचे आजोबा नव्वदच्या दशकातली ५०० सीसीची गाडी घेऊन आले. दोन सिलिंडर, दोन मिकुनी कार्बोरेटर. तक्रार तीच. मी शहाणा झालो होतो, म्हणून या वेळी कार्बोरेटरला हातही लावला नाही. गरम शेडमधून गाडी बाहेर काढली, मागच्या शेतात दोनशे मीटर पळवली. काटा चारशे आरपीएम कमी. क्लच उघडला, वजनं बदलून दोन ग्रॅम हलकी घातली. परत पळवली, काटा बरोबर जागेवर! आजोबांनी पैसे दिले, हात मिळवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे २६ होतं. आजोबा पोर्टेज लेकच्या गोठलेल्या पाण्यावरून पूर्ण थ्रॉटलने निघाले. दोन-तीन मैलांवर इंजिन एकदम गप्प. शेजाऱ्याने दोरी बांधून गाडी ओढत आणली. हेड काढलं तर एका पिस्टनची कड वितळून पार रिंगपर्यंत खाली आली होती आणि प्लगची चिनीमाती पांढरीफटक, जणू भट्टीतून काढलेली.

त्या रात्री आम्ही सगळं सुटं करून टेबलावर मांडलं. दोष सापडला पहाटे दोनला, आणि तोही योगायोगाने. टू-स्ट्रोकचा पेट्रोल पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो. ते ठोके पंपापर्यंत नेणारी करंगळीएवढी रबरी नळी असते. मी ती टेबलावर वाकवून बघितली, ठीक होती. मग सिगारेट ओढायला दाराबाहेर गेलो (तेव्हा ओढायचो), नळी हातातच होती. पाच मिनिटांनी सहज वाकवली आणि टोकाजवळ केसाएवढी भेग उघडली. आत आणून पुन्हा बघितली, भेग गायब. गरम शेडमध्ये रबर मऊ पडून भेग मिटायची, थंडीत कडक होऊन उघडायची. पंप अर्धमेला चालायचा. दोनशे मीटर पळवायला फ्लोट बाउलमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं, पेट्रोल कसंबसं पुरत होतं, दोन मैलांना नाही.

म्हणजे काटा कमी होता तो पेट्रोल कमी पडायला लागलं होतं म्हणून. मी वजनं हलकी करून काट्याचा आकडा सुधारला आणि उपाशी इंजिनाला आणखी जोरात पळवलं. त्यात उणे २६ ची हवा. थंडी वाढली की हवा दाट होते. उणे ३० ला ती शून्य अंशापेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते, आणि दाट हवेला पेट्रोल जास्त लागतं. इथे उलट ते कमीच येत होतं.

आजोबांना खरं ते सांगितलं. पिस्टन, सिलिंडरचं काम, गॅस्केट, सगळं आमच्या खिशातून. त्या महिन्याचं भाडं हिने तिच्या पगारातून भरलं. त्यावर ती एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. मामाला फोन केला तर तो म्हणाला, "लेका, आजारी माणसाचं ओझं कमी केलंस आणि पळ म्हणालास की रं!"

तेव्हापासून आमच्याकडे गाडी रात्रभर बाहेर उभी राहते. तपासणी सकाळी, गार इंजिनावर. पंपाच्या पुढे पारदर्शक नळी जोडून लांब पळवायची आणि नळीत बुडबुडे येतात का बघायचं. कॉम्प्रेशन दोन्ही सिलिंडरचं, मग क्रँककेसमध्ये ६-७ पीएसआय दाबाची हवा भरून ती टिकते का ते. शंका उरलीच तर पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करून प्लग काढून बघायचा. क्लचची वजनं सगळ्यात शेवटी. या तपासणीचे पैसे वेगळे घेतो, काहींना ते खटकतं. खटकू दे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आता हीच साफ करते. काजळीने ते बंद स्थितीत अडकले की इंजिन वरच्या आरपीएमला जातच नाही, मागून कुणी शेपटी धरल्यासारखं. हिशेबाच्या बाईच्या हाताला ते काम माझ्यापेक्षा चोख बसलं.

नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत जेट नाहीत, पण फोन तोच येतो. कितीदा तर काही बिघडलेलंच नसतं. रेडिएटर ट्रॅकच्या, म्हणजे गाडी पुढे ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याच्या, वर, सीटखाली असतो आणि तो उडणाऱ्या बर्फाने थंड होतो. वाऱ्याने साफ झालेल्या नुसत्या आइसवर पळवलं की इंजिन तापतं, कॉम्प्युटर ताकद कापतो. बर्फ उकरणारे दोन तारेचे स्क्रॅचर बसवून पाठवतो.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात बर्फच नव्हता. अमेरिकेच्या नोंदीतला तो सर्वात उबदार हिवाळा. आम्ही चेनसॉ आणि बोटींच्या मोटारी दुरुस्त करून दिवस काढले. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात यामाहाने २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाइल बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. मामाला सांगितलं तर म्हणाला, "आरएक्स बंद केली तेव्हा पण असंच वाटलं होतं. माझ्याकडं आज बी चार उभ्या हैत."

आज बाहेर दोन गाड्या उभ्या आहेत. थर्मामीटर उणे १९ दाखवतोय, पहाटेपर्यंत अजून उतरेल. एकीची नळी मी संध्याकाळी आत वाकवून बघितली. ठीक वाटली. सहा वाजता टॉर्च घेऊन बाहेर जाऊन परत वाकवणार आहे.